परतीची तार

सोमवारी गाडीचं पासिंग.
शुक्रवारी चौकातला शिपाई खिडकीशी वाकून म्हणाला,
"झुल्माबाई, ब्रेक दाबलात
की नंबरप्लेटचा दिवा मिणमिणतो,
आणि डावीकडे वळताना
गाडीची अख्खी पाठ डोळे मिचकावते.
नक्की जायचंय तरी कुठे?"

हिलमन, एकोणसाठची.
फ्राय बेंतोसच्या मांस-कारखान्यातल्या
कुणा इंग्रज हिशेबनिसाची,
मग बाबांची, मग माझी.
नदीची दमट हवा खाऊन
तारांवरचं कापडी अस्तर
जुन्या स्वेटरच्या बाहीसारखं उसवलेलं.

मी बल्ब बदलले, दोन्ही.
फ्यूज बदलला.
इंडिकेटरची टिकटिकणारी डबी नवी आणली
माँतेविदेओहून, बसच्या ड्रायव्हरच्या हाती.
रोग म्हशीला, औषध पखालीला.

एकतीस वर्षं टेलिफोन एक्सचेंजात
कानाला लोखंड लावून बसले,
तेव्हा एवढं तरी सुचायला हवं होतं:
वीज नुसती जात नाही,
तिला परतही यावं लागतं.
वाट बंद दिसली की ती शेजारच्या दारात शिरते,
दुसऱ्याच कुठल्या दिव्याच्या तारेतून
अंग चोरून, चुकल्यासारखी निघते.
म्हणून तो भलत्याच जागचा मंद उजेड.

लांब वायर घेतली.
एक टोक दिव्याच्या बुडाला,
दुसरं पार पुढे, बॅटरीपाशी,
मधे सगळी गाडी, सीटवरून, खिडकीतून.
ब्रेकवर वीट ठेवली.
भिंत लाल झाली.
मातेचा गार झालेला पेलासुद्धा.

म्हणजे दिवा धड, तार धड.
पत्र्यालाच तो शिवत नव्हता.

स्क्रू काढले. दिवा उचलला.
खाली रंग.
पिस्त्याचा हिरवा, काचेसारखा गुळगुळीत.

वॉशिंग्टनचा.
माझ्या भावाच्या हातून खिळासुद्धा सरळ जात नाही.
फेब्रुवारीत मी दवाखान्यात होते, खुब्याचं हाड,
तेव्हा एकोणीस दिवस
हा या पत्र्याच्या शेडमध्ये घामाघूम.
एकेक दिवा उतरवून,
जिथे कुणी कधी बघणार नाही
तिथेसुद्धा तीन हात दिलेत त्यानं.
कडेला ब्रशचा एक केस अडकलेला.

मी पॉलिशपेपर हातात घेतला
आणि बराच वेळ नुसती बसले.
मग नाण्याएवढी जागा घासली.
हिरवी पूड अॅप्रनच्या खिशात.
उघड्या पत्र्यावर बोटभर व्हॅसलिन.

"वॉशिंग्टन! मागे उभा राहा. काय दिसतं?"
"लाल!"
"आता?"
"पिवळा. डावीकडचा."
"फक्त डावीकडचा?"
"फक्त डावीकडचा. काय झालं होतं गं?"
"तार सैल होती."
त्यानं डिकीवरून तळवा फिरवला,
घोड्याच्या पाठीवरून फिरवावा तसा.
"रंग मात्र टिकलाय, नाही?"
"टिकलाय."

उजव्या दिव्याखालीही
तेवढाच रंग असणार, तीन हात.
तो दिवा मात्र पहिल्यापासून नीट पेटतोय.
कसा, ते उघडून बघायला
मी गेले नाही.