भेंडीचा ठसा

भेंडी देठापासून दोन बोटं सोडून कापायची,
सुरी एका दमात खाली.
आत पाच कप्पे. बिया नखाने काढल्या
की पाच पाकळ्यांचं फूल तयार.
हे मला नातवाच्या शाळेने शिकवलं,
अडुसष्टाव्या वर्षी.

जेलरोडच्या घरात ओट्यावरच मांडते सगळं.
हातकागद रविवार कारंजावरून आणलेला,
खरबरीत, कडा न कापलेला.
डबीत बारा रंग, त्यातला पांढरा कोरडाच.
नळाला दारणेचं पाणी. गढूळ आलं
तर गुलाबी मातकट होतो. होऊ दे.

आधी कागद ओला करायचा,
मग रंग सोडायचा.
सोडायचा म्हणजे सोडूनच द्यायचा,
कुठवर पसरेल ते आपण ठरवायचं नाही.
हे काही केल्या जमेना मला.

एकतीस वर्षं छापखान्यात टपाल तिकिटं तपासली.
भिंगाखाली मोराची मान
अर्धा केस सरकलेली दिसली
की लाल पेन्सिल, फुली, ताव बाद.
बाद तावही मोजायचे,
जाळायला नेण्याआधी पुन्हा मोजायचे.

एका संध्याकाळी एक ताव कमी भरला.
दारं बंद.
आम्ही बावीस बायका
डबे उघडून, चपला काढून, भिंतीशी उभ्या.
साहेब म्हणाले, गठ्ठा शेवटी कुणाच्या हातात होता?
मी म्हटलं, फिलोमिना साळवे.
खोटं नव्हतं ते.
फक्त फार पटकन म्हटलं.

रात्री साडेनऊला सापडला ताव.
दमट हवा, डिंक सुटलेला,
दुसऱ्या तावाच्या तोंडाला चिकटून बसला होता.
सगळ्या हसल्या, पदर खोचून रिक्षा शोधायला पळाल्या.
फिलोमिनाने डब्याचं झाकण लावलं.
दोनदा लावलं,
पहिल्यांदा नीट बसलं नव्हतं.
पुढे अकरा वर्षं एकच टेबल,
आणि "भिंग दे", "हे घे", एवढंच बोलणं.

परवा भाजीवालीने सांगितलं,
शरणपूरच्या साळवेबाईंचा गुडघा बदलला.

पहिल्या कार्डावर ठसा दुहेरी पडला.
दुसऱ्यात पाणी जास्त, फुलाचं डबकं.
तिसरं, चौथं उगाच टापटीप,
सरकारी वाटायला लागलं.
सातव्याला भेंडी बुळबुळीत झालेली,
तीनच पाकळ्या उमटल्या.
हात सवयीने पेन्सिलीकडे गेला,
तोवर ओल्या कागदात
रंग हळूहळू डावीकडे सरकत होता,
चौथी पाकळी होईल की नाही अशा बेताने.
मी हात मागे घेतला.
पंखाही बंद केला.

खोडरबरावर कोरलेलं पान खाली दाबलं, हिरवं.
देठ ब्रशने काढला, थरथरला तसाच ठेवला.

आत काय लिहायचं?
"लवकर बरी हो" लिहिलं कच्च्या कागदावर,
दुकानातल्या कार्डासारखं दिसलं.
"आठवण येते" लिहिलं. तेही खोडलं,
आठवण तर रोजच समोर बसलेली असायची.
दुपारचा चहा गार झाला.
मग लिहिलं:
*फिलोमिना, तो ताव माझ्या गठ्ठ्यात सापडला होता.
कुणी विचारलं नाही. मी सांगितलं नाही.*
खाली नाव. पूर्ण, हजेरीपटावर होतं तसं,
इंदुमती रघुनाथ आव्हाड.

पाकिटावर तिकीट चिकटवताना
उजेडाकडे धरून पाहिलंच.
दोष नव्हता.

टपाल कचेरीतल्या पोराने शिक्का आपटला,
निम्मा तिकिटावर, निम्मा हवेत.
"सरकला, काकू," तो म्हणाला. "चालेल ना?"
इतक्या वर्षांत हा प्रश्न
मला कुणी विचारलाच नव्हता.

घरी येऊन उरलेल्या भेंडीची भाजी केली.
लसूण जरा करपली.
जेवताना पाहिलं, नखात गुलाबी रंग तसाच,
आणि पत्ता लिहिताना मी पिनकोड घातला होता की नाही
तेच आठवेना.