अठ्ठाविसावा दिवस

गोलमुडच्या प्रयोगशाळेत
वानयीन ठोकळ्यांवर तारीख घालते,
पेन्सिलीनं. मिठापुढे शाई टिकत नाही.

सरोवराचं खारं पाणी, भाजल्या मॅग्नेसाइटची पूड.
अठ्ठाविसाव्या दिवशी यंत्र कण्हतं,
काटा एकाहत्तरवर अडतो,
मग ठोकळा फुटतो.
भिंगाखाली सुया, सुयांत सुया,
कुणी विणता विणता उठून गेल्यासारख्या.

पाण्यात बुडवलेल्यांचं वेगळं.
वर्षभरात सुया विरतात,
काटा तिशीतच थकतो.

निवृत्त होताना म्हाताऱ्या च्यीनं
एक ठोकळा खिडकीबाहेर ठेवला होता,
वाऱ्यात, नोंदीविना.
नऊ हिवाळे झाले.
एका कोपऱ्याला मीठ फुललंय.

दर सोमवारी ती तो उचलते,
यंत्रापर्यंत नेते,
नुसतं वजन करते

आणि परत ठेवते, फुललेली बाजू आत.