उणे बावन्न

काठी मारल्यानं पाणी दुभंगत नाही असं म्हणणाऱ्यांनी
लेना नदीवरचा नोव्हेंबर पाहिलेला नसणार.
इथे केस्किलचा बाप पाणी पहारीनं फोडतो,
करवतीनं कापतो, घसरगाडीवरून ओढत आणतो,
अंगणात रचतो हिवाळाभराचं पिणं,
निळसर विटा.
चहाची तल्लफ आली की एक आत आणायची.

जानेवारी. आठवीपर्यंत सुट्टी,
उणे बावन्नला नववीच्या पुढच्यांनीच यायचं.
दारावरच्या जुन्या तापमापकात
पाऱ्याची केव्हाच गोळी झाली आहे.
आता तो एवढंच सांगू शकतो
की उणे एकोणचाळीस मागे पडलं.

"बर्फ बुडत का नाही?" केस्किल विचारतो.
तुयाराबाई फळ्याकडे वळतात.
पाणी असतं तोवर रेणूंची धक्काबुक्की,
याचा हात धर, सोड, त्याचा धर.
गोठताना मात्र एकेकानं चौघांना धरायचं,
आणि चौघांना धरलेल्याला
कुणाच्याच फार जवळ जाता येत नाही.
मधे जागा उरते.
"त्या जागेच्या जिवावर तुझ्या बापाचा ट्रक नदी ओलांडतो."

मग चाचणीच्या वह्या.
अर्ध्या वर्गानं लिहिलंय,
बंध तुटला की ऊर्जा मोकळी होते.
बाई लाल रेघ मारतात.
"जुळताना मोकळी होते.
तोडायला पदरची घालावी लागते."
खडू तुटतो. तुकडा बाकाखाली जातो,
कुणी उचलत नाही.

सगळ्या गावाला माहीत आहे:
ऐसेन गेल्या एप्रिलात पलीकडे गेला,
बर्फावरचा रस्ता बंद व्हायच्या आदल्या दिवशी,
शेवटून दुसऱ्या ट्रकात, कपाटासकट.
मग पाच आठवडे
ट्रक जाईना, होडी निघेना,
नदी धड ही नाही, धड ती नाही.
बाई रोज शाळेत आल्या.
वितळणाऱ्या बर्फाला कितीही आच द्या,
शेवटचा खडा विरेपर्यंत काटा शून्यावरच.
पुस्तकात याला अप्रकट उष्मा म्हणतात.
तो धडा त्या वर्षी त्यांनी
एका तासात उरकला होता.

संध्याकाळी दार वाजलं.
केस्किल, पापण्या पांढऱ्या, काखेत वीट.
"बाबांनी दिली. तुमचा ढीग संपत आला म्हणाले."
"मोजतात की काय?"
तो काहीच बोलला नाही.

वीट पातेल्यात मावेना.
बाईंनी कुऱ्हाड आणली,
त्यानं वीट धरली,
आणि दोघांनी मिळून
पाणी दुभंगलं.