रोजकीर्द

तासगावात कोल्ड स्टोरेजचं दार उघडलं
की मे महिन्यातही ऑफिसात स्वेटर लागतो.
कीबोर्डलासुद्धा बेदाण्याचा वास.
जुन्या मशीनवर लिनक्स चढवता चढवता
मी एका प्रश्नावर अडलेय :
डिस्कला फाइलसिस्टीम कुठली द्यायची?

"लाईट गेल्यावर काय हुतंय, ते आधी सांग,"
मगदूम अण्णा म्हणतात.
मागे अशीच गेली होती, ऐन सौद्यात.
मशीन रात्रभर घरघरत स्वतःला तपासत बसलं
आणि सकाळी हरवले-सापडलेच्या फोल्डरात
बिननावाच्या फाइलींचा ढीग.
चारशे पेट्या कुणाच्या,
ते आठवडाभर माणसांना विचारत फिरले अण्णा.

मी जर्नल समजावू लागते :
काय बदलणार ते आधी एका कोपऱ्यात लिहायचं,
पुरं झालं की खूण करायची,
मगच मूळ जागेला हात लावायचा.
खूण नसलेली नोंद सोडून द्यायची.
"रोजकीर्द म्हण की गं.
खतावणी काय, सवडीनं."

एक्सएफएस दांडगी, पण वाढवली की आखडत नाही.
बीटीआरएफएस जुन्या पानावर लिहीतच नाही,
दरवेळी कोरं पान घेते. माझा जीव तिच्यावर.
पण मी पुण्यात असताना ती रुसली तर?
शेवटी ईएक्सटी४.
दिसायला काही नाही,
पण तिचा पाना कुठल्याही गॅरेजात मिळतो.

"टाइप करा अण्णा, एखादा लॉट."
ते एका बोटानं टाइप करतात.
मी प्लग उपटते.
अण्णा डोळे मिटून घेतात.

मशीन उठतं. जर्नलची एक ओळ,
दोन-तीन सेकंद, आणि सगळं जागच्या जागी.
फक्त अण्णांचा लॉट नाही.
"तो सेव्ह कुठं केला होता तुम्ही?"
"म्हंजे वही शाबूत, पण लिहायचं राहिलं ते राहिलंच?"
मी मान हलवते. ते जर्नलच्या हातात नाही,
हे आधी सांगायला हवं होतं.

अण्णा डावा तळवा उघडतात.
बॉलपेननं लिहिलेलं, घामानं जरा फुटलेलं :
सावर्डे, एकशे बारा पेट्या, हिरवा.
बघत बघत पुन्हा टाइप करतात.
सेव्ह दाबतात. परत एकदा दाबतात.
मग उठून बाहेर नळावर जातात,
हात धुवायला.