जवारी

कवलापूरच्या जुन्या धावपट्टीवरून
उडतो आमचा जायरोप्लेन. काच नाही, दार नाही,
मानेमागे पंखा, डोक्यावर पातं,
तोंडावर ताशी शंभर किलोमीटरचा वारा.
इंटरकॉमवर उत्तमराव काय म्हणतात
ते तीन महिने मला कळलंच नाही.
खर्रर्र, मग ‘डावीकडे’, की ‘आवडलं का’?
मी आपली मान हलवायचे.

नवा हेडसेट आणला. फुकट गेला.
शेवटी मिरजेला, सतारींच्या गल्लीत,
मुनीरचाचांपुढे ठेवला.
भोपळा ठोकून बघावा तसा त्यांनी तो ठोकला.
म्हणाले, आधी चष्म्याची जाड काडी बदल,
तिथूनच शिरतोय सगळा.
मग माइकला बकरीच्या केसांची टोपी,
कानाच्या गादीत जेल,
आणि स्क्वेल्चची खुंटी
केसभर मागे, केसभर पुढे.
“आवाज मारायचा नसतो, पोरी.
जवारी घासतो तसं,
नको तेवढंच घासायचं.”
जेलचे ऐंशी रुपये घेतले. बाकी काही नाही.

आज सकाळी कृष्णेवर, बाराशे फुटांवर,
इंजिन लांब गेलं,
शेजारच्या गावातल्या गिरणीएवढं.
ओठ माइकला टेकवून विचारलं, ऐकू येतंय?
उत्तर नाही.
आला फक्त श्वास, घरघरता,
मध्येच अडणारा,
साठीच्या माणसाचा.
आणि त्याच्या आत, अगदी बारीक,
इंधन, तापमान, दाब,
पुन्हा इंधन.
इतके दिवस ते माझ्याशी बोलतायत
असं मला वाटत होतं.

मी माइक ओठांपासून
बोटभर लांब केला.