डावा शॉकप

गळतो तो डावाच.
उजव्याला खड्डे लागत नाहीत असं नाही,
राजूर फाट्यापासून आमच्या उंबऱ्यापर्यंत
कोळशाच्या ट्रकांनी रस्ता दोन्ही अंगांनी सारखाच खाल्लाय.
तरी तेल सुटतं डाव्याच्या ओठातून,
त्यावर काळी धूळ बसते,
आणि सात गावांची वीजबिलं वाटून घरी येईस्तोवर
पँटीची एक पोटरी माखलेली.

वणीचा वहाब मिस्त्री म्हणाला, बुधवारी ये.
मग म्हणाला, पुढल्या बुधवारी.
मी सीलची जोडी तेवढी घेतली. एक लावू, एक ठेवू.
रविवारी, ऊन अंगणात उतरायच्या आत,
इंजिनाखाली धुण्याचा दगड सरकवला,
हँडलला कासरा बांधून निंबाच्या फांदीला ताणला.
पुढचं चाक निघालं तशी गाडी
दावणीला मान वर केलेल्या गोऱ्ह्यासारखी दिसली.

खालचा ॲलन बोल्ट नुसता फिरत राहिला,
आतला दांडा त्याच्यासोबत फिरत होता,
हो ला हो करणाऱ्या माणसासारखा.
बांबूची काठी तासली, वरून आत ठोकली,
तेव्हा कुठे तो अडला.
तेल निघालं. तेल कसलं,
राखाडी गाळ, वास मासळीचा.
कुत्रं हुंगून गेलं.

सर्कलिप काढली. पेचकस सीलच्या कडेत घालणार,
तोच दिसला आतल्या काठावर ओरखडा.
तिरपा, नखाएवढा, सीलखाली शिरलेला.
माझ्या आधी इथं कोणीतरी येऊन गेलं होतं.

वहाबला शिवी द्यायला तोंड उघडलं
आणि आठवलं, वहाबनं हा पाय कधी उघडलाच नाही.
मीच तो.
चार वर्षांमागं, मार्चअखेर,
बिलांचा गठ्ठा तसाच पडलेला, साडेनऊ वाजलेले,
मीच पेचकस खुपसून हिसका दिला होता.
चार वर्षं मी रस्त्याला बोलत होतो.

कांताकला मशीनवरून उठून आली.
तिनं ओरखडा पाहिला, मग मला पाहिलं.
"उसवाले कोनी कैची खुपसते काय?
पह्यले दोरा पाहा, कुठून सुटते ते."
फडक्यावर उकळतं पाणी ओतून
तिनं ते नळीला गुंडाळलं,
आणि चमच्याच्या दांड्यानं
थोडं इथून, थोडं तिथून, पुन्हा इथून.
सील वर आला.
मी पॉलिश पेपर फिरवत बसलो.
ओरखडा गेला नाही,
पण बोटाला लागेनासा झाला.

नवा घालताना हात थरथरला.
दांड्याच्या काठाला धार असते,
ओठ कापला की पुन्हा चार वर्षं.
"थांबा. बांगडी भरतेत तसा भरा."
दुधाची रिकामी पिशवी तिनं काठावर चढवली,
वरून तेलाचं बोट.
लग्नातली कासारीण आठवली,
तिच्या हातावर साबण चोळत म्हणत होती,
हात ढिला सोड बाई,
भेलं का फुटलीच समज.
मी हात ढिला सोडला.
सील उतरला.
पाइपाचा तुकडा ठेवून ठोकत गेलो,
पोकळ, पोकळ, पोकळ,
मग एकदम भरीव.

तेलाला माप नव्हतं.
खोकल्याच्या औषधाचं झाकण, सोळा वेळा,
मोजायला पुनी.
अकराव्याला शेजारची रुखमा विरजण मागायला आली.
"अकरा झाले का बारा?"
"म्या तिच्याकडं पायत होती, बाबा."
सगळं परत बाटलीत. परत पहिलं झाकण.

सांजचं चाक बसवून, ब्रेक दाबून
हँडल दहादा खाली रेटलं.
डाव्यावर बोट फिरवलं. कोरडा.
मग उगाच, सवयीनं, उजव्यावर.

एक कडं. केसाएवढं. ओलं.

कांताकला दारातूनच म्हणाली,
"जोडीच आनली व्हती ना?"
दुसरा खिशातच होता,
दिवसभरात अंगाएवढा ऊन झालेला.
निंबाच्या शेंड्यावर अजून उजेड होता,
आणि कासरा मी गुंडाळला नव्हता.