लव्हाळ्याचा उजेड

हिरवी साल सोलायची, पण सगळी नाही.
एक पट्टी राखायची, कण्यासारखी,
नाहीतर आतला पांढरा गाभा
मान टाकतो.
मग मेंढीच्या चरबीत बुचकळून
फळीवर वाळत.

एक काडी अर्धा तास जळते.
वेल्सच्या या डोंगरावर
घड्याळ नाही कुणाकडे.
पायमोजा विणायला तीन काड्या,
सासऱ्याच्या प्रार्थनेला दीड,
त्यातली अर्धी खोकल्याची.

थोरल्याच्या वेळी अकरा जळल्या,
बाराव्या काडीला तो रडला.

काल कळा सुरू झाल्या तेव्हा
मेररिदनं फळीकडे पाहिलं:
नऊच.
"पुरतील," सुईण बाही सारत म्हणाली,
"दुसऱ्याला वाट ठाऊक असते."

दोन उरल्या.
पेटवल्या नाहीत कुणी;
खिडकी सोललेल्या गाभ्यासारखी
पांढरी होत आली होती.